दुखणं आधी लिहा

१६ जून

आज नांदेडला आले. निलंग्याहून सकाळची एसटी, लातूरला बदलून दुसरी, आणि जेवणाच्या वेळेला इथं. मायनं धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी एवढी बांधून दिली की पिशवीचा बंद लातुरातच तुटला. तशीच काखेत धरून आले.

खोली विष्णुपुरीत मिळाली आहे. तुळजाबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या घराच्या माडीवर. खिडकी उघडली की धरणाचं पाणी दिसतं. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलं, त्यांना ते आवडलं. त्यांचा नातू सत्यम तिसरीत आहे, आईबाप पुण्याला कंपनीत, म्हणून आजीजवळ राहतो. तो इतकं बोलतो की मी सामान लावेपर्यंत त्याच्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांची माहिती मला झाली. निलंग्यात मोर आहेत का, विचारत होता. आहेत म्हटलं तर म्हणाला, आमच्याकडं धरण हाय.

नोकरी एका जाहिरात कंपनीत, लिहिण्याची. माय गल्लीत सगळ्यांना सांगून राहिली, पोरगी पेपरात लागली म्हणून. दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. लिहून पगार मिळणार, एवढं खरं आहे.

१८ जून

ऑफिस वजिराबादेत, एका कापड दुकानाच्या वर. आम्ही तिघंच. शिवलिंग सर मालक आहेत, उदगीरचे, फोनवर आईशी कन्नड बोलतात आणि आमच्याशी हळू आवाजात मराठी. शीलाताई चित्रं आणि पत्रकं तयार करतात. आणि मी. जाहिरातीवर छापलेला फोन नंबरही ऑफिसचाच, मालाची मागणी इथंच येते.

शीलाताई आधी लिहायच्या, आता लिहीत नाहीत. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, डोळे दुखतात. दिवसभर तर त्या स्क्रीनसमोरच असतात. पण पहिल्याच आठवड्यात कशाला जास्त विचारायचं.

मी सरांना विचारलं, आता तर कंप्युटरच लिहून देतो, मग माणूस कशाला? सर म्हणाले, लावून बघितलं, मशीन सगळ्या बायांना एकच गुडघा देतंय. मला हसू आलं. सर हसले नाहीत.

पहिलं काम गुडघेदुखीच्या तेलाचं. संधिसुख तेल.

२३ जून

काहीच सुचत नाही.

‘गुडघेदुखीने त्रस्त आहात?’ असं लिहिते आणि खोडते. ‘आता गुडघे म्हणतील चला’ असं लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. जागा बदलून खिडकीशी बसले. हातानं लिहून पाहिलं. फोन बंद ठेवला. जुन्या जाहिराती वाचल्या. दुपारी गोदावरीच्या घाटापर्यंत चालून आले. कुणीतरी सांगितलं होतं की आधी मुद्दाम वाईट लिहावं, मग चांगलं येतं. वाईट भरपूर आलं.

कॉलेजच्या अंकात माझ्या कविता छापून यायच्या तेव्हा वाटायचं, शब्द काय, हाक मारली की येतात. संध्याकाळी मायला फोन केला. ती म्हणाली, ‘सुचत न्हाई तर ऊठ अन् भांडे घास. हात हालला की डोस्कं हालतंय.’ मावशींची सगळी भांडी घासली. भांडी लखलखीत झाली. कागद कोराच आहे.

सर रागावत नाहीत. नुसते येऊन माझ्या स्क्रीनकडे बघतात आणि जातात. रागावले असते तर बरं होतं.

२५ जून

आज सुटलं.

सरांनी समोर एक रिकामी खुर्ची आणून ठेवली. म्हणाले, तू तेलाबद्दल लिहायला बघतीस म्हणून अडतीस. तेल विसर. जिला विकायचं तिला इथं बसव. नाव दे, वय दे, गाव दे. कुठं दुखतंय विचार. दुखण्यापायी काय करता येत नाही ते विचार. दुखणं आधी लिही, औषध शेवटी दोन ओळीत.

मला ओशाळल्यासारखं झालं, पण डोळे मिटून खुर्चीत बाई बसवली. नाव पंचफुलाबाई. वय एकसष्ट. कंधारजवळची एक वाडी. आणि मग नळ सुटावा तसं आलं. ‘पंचफुलाबाई ओट्याच्या पायऱ्या आता बसून उतरतात, रांगत्या लेकरागत, पाठमोऱ्या. नव्या नातसुनेनं बघू नये म्हणून घर जागं व्हायच्या आत उतरून घेतात.’

सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, आता तेल लिही. मी खाली लिहिलं, संधिसुख लावलं आणि पंचफुलाबाई आज उभ्यानं पायऱ्या उतरतात.

शीलाताईंनी त्यावर पत्रक केलं. वाचताना त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. विचारलं, ‘नाव तूच दिलं का?’ हो म्हटलं. त्या परत स्क्रीनकडे वळल्या.

८ जुलै

तेल जोरात चाललंय. कंधार, मुखेड, देगलूर, सगळीकडून फोन. सरांनी पेढे आणले.

दुसरं काम आलं, लातूरच्या एका वक्तृत्व वर्गाचं, लहान मुलांसाठी. आज अडलेच नाही. खुर्चीचीही गरज पडली नाही, नुसतं समोर बघितलं की झालं. एक मुलगा बसवला. नाव शोधत होते तोवर सत्यम आलं, जवळचं म्हणून राहू दिलं. ‘सत्यम, वय आठ. उत्तर येतं, पण पहिलं अक्षर ओठावर अडतं. आजीला हाक मारायची तर आ, आ करत राहतो. शेवटी हाक न मारताच जवळ जाऊन पदर ओढतो.’ खाली वर्गाचं नाव, आणि आता सत्यम भाषणात पहिला येतो.

पदर ओढण्याचं मला फार आवडलं. वाचताना सरांचे डोळे ओले झाले.

१४ जुलै

आज ऑफिसात एक बाई आल्या. पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून, जिन्याच्या प्रत्येक पायरीला थांबत. हातात आमचं पत्रक, घडी पडून मळलेलं.

म्हणाल्या, ‘ह्ये लिवणारी कोन हाय?’

मी पुढे झाले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. रागानं नाही. म्हणाल्या, ‘मी पंचफुलाबाई. माझा गुडघा तुला कुनी सांगितला, बाई?’

मी म्हटलं, मावशी, नाव मनानं दिलंय, या नावाच्या लई बाया असतील. त्या म्हणाल्या, असतील. पण वटपौर्णिमेला त्या पायी रानात जाऊन आल्या होत्या. गुडघा कधी दुखला नव्हता. पुतण्यानं पत्रक आणलं, वाचून दाखवलं, घरात सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ओटा उतरवेना. आता त्या बसून उतरतात, पाठमोऱ्या, नातसून उठायच्या आत.

‘वरचं लिवलेलं सगळं झालं,’ त्या म्हणाल्या. ‘तेलाच्या बाटल्या बी संपल्या. ह्ये खालचं कवा व्हायचं?’

सर आतून आले, त्यांना बसवलं, चहा दिला, आणखी एक बाटली फुकट दिली. त्या जाताना मी जिन्यात उभी होते. त्या पहिल्या पायरीवर बसल्या, पाठ फिरवली आणि तशाच खाली गेल्या.

योगायोग म्हणून मी स्वतःला समजावते आहे. पत्रक वाचून मनानं घेतलं असेल. म्हाताऱ्या माणसाचं होतं असं.

१७ जुलै

घर शांत आहे. तीन-चार दिवस झाले असतील, माझ्या लक्षातच आलं नाही, मी कामात. आज खाली जेवायला बसले तेव्हा कळलं की सत्यम बोलत नाही.

मावशी म्हणाल्या, सोमवारी शाळेतून आला तो असाच. बाईंनी काही विचारलं, तोंडातून अक्षर निघेना, पोरं हसली. डॉक्टरला दाखवलं, घसा चांगला हाय म्हणाला. भीती बसली असंल, जाईल.

मावशी भाकरी थापत होत्या. सत्यम दारात येऊन उभा राहिला. त्याला पाणी हवं होतं बहुतेक. ओठ आवळले, मान ताणली. आ. आ. आ. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग तो जवळ गेला आणि त्यानं मावशींचा पदर ओढला.

मी ताटावरून उठले. मावशींना वाटलं, तिखट लागलं.

१८ जुलै

शीलाताईंना घेऊन खाली चहाच्या गाड्यावर गेले. सगळं सांगितलं. त्या चकित झाल्या नाहीत.

त्यांनी एका दवाखान्यासाठी लिहिलं होतं, मूल न होणाऱ्या बायांसाठी. पुनम नाव दिलं. त्यांच्या नणंदेचं नाव पुनम. लिहिताना ध्यानातही नव्हतं. नणंदेला सातवा महिना होता.

मी विचारलं, मग उलट लिहिलं तर? नुसतं बरं झालेलं?

‘करून बघितलं की,’ ताई म्हणाल्या. ‘किती प्रकारे करून बघितलं. दुखणं लागू पडतंय, ऋतुजा. औषध न्हाई पडत.’

मग म्हणाल्या, ‘तुला पहिल्या आठवड्यात सुचत नव्हतं ना. मी देवाला म्हणत होते, हिला सुचू देऊ नको. अडतं तवा आपलंच मन आपला हात धरून ठेवत असतंय. सरांनी तेवढंच सोडवलं.’

सरांना हे ठाऊक आहे का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांना विचारायचं मला धाडस झालं नाही.

२१ जुलै

तरीही लिहिलं. लिहिल्यावाचून राहवलं नाही. ‘सत्यम घडाघडा बोलतो. आजीला हाक मारतो, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते.’ दुखण्याचा एक शब्द नाही. ताईंनी पत्रक करून दिलं. विष्णुपुरीच्या चौकात, शाळेच्या भिंतीवर, मी स्वतः चिकटवलं.

सत्यमनं ते भिंतीवर वाचलं. माझा हात धरून मला तिथं घेऊन गेला. आपल्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसला. हाक मारायला तोंड उघडलं.

आ. आ.

२४ जुलै

सरांना सांगितलं. ते हसतील किंवा ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी टेबलावरचा कागद नीट सरळ केला. म्हणाले, ‘दुखणं आधीच असतंय, पोरी. गावागावात असतंय. आपण फक्त नाव देतो.’ मी म्हटलं, सत्यमला नव्हतं. ते म्हणाले, तुला काय माहीत.

मग म्हणाले, लातूरच्या एका किडनीच्या औषधाचं काम आलंय, दोन दिवसांत दे.

मी तिथंच सांगितलं, मी चालले. त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, ‘आता तुला सुचायला लागलंय. ते काय ऑफिसात ठेवून जाता येतंय का?’

२८ जुलै

मावशींना खरं सांगितलं. पायाला हात लावून सांगितलं, मी लिहिलं म्हणून सत्यमचं असं झालं. त्यांनी मला उठवलं, डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, शिकलेली पोर तू, असं काय बोलतीस. त्याच्या नशिबात होतं. मला रागवा म्हटलं तर त्यांनी मला जेवायला वाढलं.

सत्यम एसटी स्टँडपर्यंत आला. गाडी निघाली तेव्हा त्यानं हात केला. तोंड मिटलेलं होतं. आता तो प्रयत्नही करत नाही.

२ ऑगस्ट

निलंगा. आपलं घर, आपली गल्ली. मायला सांगितलं, तिथलं पाणी मानवलं नाही. आण्णा म्हणाले, बरं झालं आलीस. इथं कुणी मला लिही म्हणणार नाही. छापणारं कुणी नाही, वाचणारं कुणी नाही. ही डायरी तेवढी माझी.

संध्याकाळी शेजारचे वैजनाथकाका आले. कधीपासून आलीस, काय म्हणतंय नांदेड, असं बोलत बसले. मायनं पोहे दिले, त्यांनी दोनदा मागून घेतले. वैजनाथकाका. वय सत्तावन्न. गाव निलंगा. भूक लागते, ताट समोर येतं, पण घास घशाखाली उतरत नाही. सुनेला वाईट वाटू नये म्हणून घास पंच्यात लपवून

हे मी लिहिलं नाही. म्हणजे मीच लिहिलं, हात माझाच आहे. खोडते आहे. छापलेलं नाही हे. कुणी वाचलेलं नाही. छापल्याशिवाय काही होत नाही.

४ ऑगस्ट

वैजनाथकाकांना लातूरला नेलं. परवापासून घास उतरत नाही. सूनबाईला त्यांच्या पंच्यात भाताचे गोळे सापडले.

छापायची गरज नव्हती. नुसतं लिहिलं तरी —

डायरी बंद करते.

५ ऑगस्ट

बंद करून बघितली. होत नाही. हात थांबत नाही. मैत्रिणीला मेसेज करायला घेतला, कशी आहेस एवढंच — खाली आपोआप, तनुजा, वय चोवीस, आणि केस — पाठवला नाही, पुसला. पुसून काय होणार. फोन कपाटात ठेवला.

आता समोर कुणाला बसवावं लागत नाही. ते येऊन बसतात. माणूस दिसलं की नाव, वय, गाव. मग दुखणं. शेवटच्या दोन ओळी कधीच येत नाहीत. औषध कशाचं आहे तेच मला माहीत नाही.

डोळे मिटून बसले. पण नावं तर आतच आहेत —

६ ऑगस्ट

मायला विचारलं, माझे हात बांधून ठेवतीस का. ती घाबरली. आण्णांना म्हणाली, पोरीला कुनाची तरी नजर लागली. मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. मी तिच्याकडे बघत नव्हते. बघितलं तर —

ती म्हणाली, ‘माझ्याकडं बघ की गं.’

बघितलं नाही. भिंतीकडं तोंड करून जेवले.

७ ऑगस्ट

सकाळी. माय स्वयंपाकाला बसली होती. परातीत पीठ. मी फक्त पाण्याचा तांब्या द्यायला गेले —

माझं बोट पिठात होतं. कधी गेलं कळलं नाही. केवळाबाई. वय बावन्न. हातात धरलेलं

तिनं बघितलं आणि हसली. तिला वाचता येत नाही. ‘ल्हानपनी बी असंच गिरवायचीस पिठात,’ म्हणाली. पाणी घातलं. मळायला लागली. मी परात ओढली. ती म्हणाली, ‘वेडी झालीस का, आण्णा उपाशी हायेत.’

तेच पीठ. त्याच्याच भाकरी.

तिसरी थापताना हातातून सुटली. चुलीत पडली. ती म्हणाली, ओली होती. मग तांब्या. मग आण्णांचं ताट.

आता ती ओट्यावर बसली आहे. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती त्यांच्याकडं बघते आहे.

संध्याकाळ

तिला वाटी धरता येत नाही. आण्णांनी भरवलं. ती लाजत होती.

ओळ अर्धीच राहिली होती पिठात. पुढं काय होतं ते मला — नको. पुढचं येऊन बसलंय बोटात. आण्णा समोर आहेत. ग्यानोबा. वय —

नाही.

८ ऑगस्ट

आण्णा तिला वेणी घालत आहेत. जमत नाही त्यांना. मला हाक मारून राहिलेत. मी दार लावून घेतलंय.

एक राहिलंय करून बघायचं. एकाच माणसाला अजून मी समोर बसवलं नाही. जाहिरात कशाची तेही ठरवलंय — न सुचण्यावरच्या औषधाची. औषध लागू पडत नाही, हे मला ठाऊक आहे. दुखणं पडतं.

हात घाईत आहे. ग्या — नाही. माझं नाव आधी. माझं.

ऋतुजा. वय चोवीस. गाव निलंगा. लिहायला बसली की तिला आता एक अक्षरही सुचत नाही. नाव येत नाही, गाव येत नाही. पेन कागदावर टेकतं आणि तिथंच